आवाजासाठी बघितलेली गाडी

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात. माझं भरलं. तीस वर्षं लोकांचे दात कोरले आणि वर एक इटालियन स्पोर्ट्स कारही घेतली, लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. तिचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की लोक किंमत विचारतात, आणि किंमत कळली की पुढच्या वेळी दात दाखवायला दुसरीकडे जातात.

"तिच्या शेजारी एक जुनी हवी," मी या वर्षी घरात जाहीर केलं. "तिच्याच माहेरची, साठ वर्षांपूर्वीची. पणतीशेजारी पणजी उभी राहिली की मग पणतीचं नाक कुणावर गेलंय ते कळतं."

"आणि दोघींना पुसायचं कुणी?" बायको म्हणाली. पण हसली. माझ्या हौशींवर हसायची तिची पद्धत आहे, नाकातल्या नाकात.

पणजीचं कारण खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. खरं कारण मी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. माझे दोन्ही कान निकामी होत चालले होते.

आधी पक्षी गेले. सकाळी खिडकीबाहेरच्या झाडावर ते चोची उघडायचे आणि माझ्यापर्यंत काही यायचं नाही. मग ओव्हनची घंटी, मग फोनची रिंग, मग लहान मुलांचं बोलणं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक उतरत जाणारी रेघ दाखवली. उंच आवाज आधी जातात म्हणाल्या, खालचे आणखी काही वर्षं राहतील. त्यांनी दिलेली दोन यंत्रं मी दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये दातांच्या साच्यांखाली ठेवून दिली.

संशय कुणालाच आला नाही. दाताचा डॉक्टर तोंडाकडे बघत राहिला तर त्यात नवल ते काय? तोंडात कापसाचे बोळे घेतलेला माणूस काय म्हणतोय ते मला तीस वर्षं कळत आलंय. ओठ वाचायला मी कुठे शिकलो नाही. आपल्याला ते येतंय, हे एक दिवस लक्षात आलं, इतकंच.

लपवत होतो ते बायकोपासून. माझे सासरे शेवटची अकरा वर्षं आमच्याकडे होते आणि त्यांना ठार ऐकू येत नव्हतं. बायको प्रत्येक वाक्य तीनदा ओरडायची. तिचा आवाज बसला तो कायमचाच. ते गेल्यावर भेटायला आलेल्या बहिणीला ती म्हणाली, "केलं ते केलं. पण पुन्हा बहिऱ्या माणसाबरोबर राहायची वेळ आली ना, तर मी घर सोडून जाईन." मी शेजारी चहा ओतत होतो. तेव्हा मला ऐकू येत होतं.

म्हणून मला जुनी गाडी हवी होती. नवी फार सभ्य आहे, तिचं इंजिन कुठे तरी लांब, बंद दाराआड बोलतं. जुन्या इंजिनांचा आवाज खालून येतो, हाडांतून चढतो. वर्षाचं धान्य भरून ठेवतात तसा मला एक आवाज भरून ठेवायचा होता. हल्ली मला स्वप्नंही त्याचीच पडायची. एक लांबच लांब शेड, चादरी पांघरलेल्या गाड्या, आणि मी अनवाणी फिरतोय. एकेका चादरीवर हात ठेवला की खाली काही तरी घुमायला लागायचं, गडद, उबदार, आणि मला कळायचं की हे माझंच आहे. जाग आली की घरभर शांतता असायची आणि बायकोचे ओठ म्हणत असायचे, "उठलास का?"

पहिली गाडी बघितली ती शहरातल्या एका दुकानात. पांढरी, इतकी चकचकीत की तिच्यात आम्ही दोघं आणि छताचे दिवे असे सगळेच दिसत होतो. दुकानदाराने इंजिन चालू केलं.

"अहो, किती गोड आवाज!" बायको म्हणाली. चारचौघांत मी अहो असतो.

मला फक्त एक पांढरी गाडी थरथरताना दिसत होती. तिचं सगळं गाणं वरच्या पट्टीत असावं. मी मान डोलावली, छान आहे म्हणालो, आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर जरा बसलो. भीती वाटली, खरंच वाटली. मला उशीर तर झाला नाही ना?

दुसरी गाडी गावाबाहेर होती, एका निवृत्त मोजणीदाराकडे. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, बोलणंही मोजूनमापून. बंद पडलेल्या दूध केंद्राच्या खोलीत त्यांनी ती ठेवली होती. राखाडी, ठिकठिकाणी रंग मऊ पडलेला, दाराची मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत. आत चामड्याचा, पेट्रोलचा आणि जुन्या कागदांचा वास.

"बारा मिनिटं गरम होऊ द्यायची," ते म्हणाले. "अकरा नाही."

बाराव्या मिनिटाला मी बायकोला म्हणालो, "तू चालव. मला डोळे मिटून ऐकायचंय."

दुतर्फा उंच झाडं असलेला सरळ रस्ता होता. ऊन आणि सावली आळीपाळीने पापण्यांवरून जात होती. तिने वेग वाढवला आणि तो आवाज आला. सीटमधून आला, मणक्यातून वर चढला, दाढांत येऊन बसला. मी पाण्याखाली आहे आणि वरून एक मोठी नाव चालली आहे असं वाटलं. हीच, मी मनात म्हणालो. हे मला पुरेल. मग वाटलं, हा आवाज भरून ठेवताना तिचा चेहराही त्यात असू दे. म्हणून डोळे उघडले.

तिचे ओठ हलत होते. बाजूने अर्धंच तोंड दिसत होतं, पण मला अर्धं तोंड पुरतं.

"बाबा गेले त्या दिवशी मला बरं वाटलं," ती म्हणत होती. "सुटले, असं वाटलं. कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही."

मी तिच्या कानाशी वाकलो आणि इंजिनाच्या वर ओरडलो, "अकरा वर्षं केलंस तू! बरं वाटणारच! त्यात लाज कसली?"

थोडं पुढे गेल्यावर तिने गाडी कडेला घेतली. चावी फिरवली. सगळं थांबलं.

"मी आत्ता काय म्हणाले?" ती माझ्याकडे वळली.

मी सांगितलं.

"मी आवाज काढलाच नव्हता," ती म्हणाली. "नुसते ओठ हलवले. इतका कल्लोळ चाललाय, तर म्हटलं एकदाचं तोंडातून काढून टाकावं."

दोन वर्षं मला ऐकू येत नव्हतं तेव्हा पकडला गेलो नाही, आणि पकडला गेलो तो नको तेवढं ऐकून.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. थोडं जास्तच. कानाची यंत्रं दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू बहिणीला म्हणाली होतीस, घर सोडून जाईन."

तिने लाकडी स्टिअरिंगवर जोरात हात आपटला. "अरे, मी काय वाट्टेल ते बोलते! ते धरून बसलास? एकटा बसलास दोन वर्षं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला. "आणि मी मूर्ख! मला वाटत होतं, हा आताशा माझ्याकडे सारखा बघतो. म्हटलं, म्हातारपणी पुन्हा प्रेमात पडलाय."

"तेही होतंच," मी म्हणालो.

ती हसली, आणि हसता हसता नीट रडली. मी तिचा हात धरून बसून राहिलो. ती आता काय म्हणेल त्यावर माझं उरलेलं सगळं आयुष्य अवलंबून होतं आणि मला तिच्या तोंडावरून नजर हलवता येत नव्हती.

"बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून मी दमले नाही," ती शेवटी म्हणाली. "ते माझ्याकडे बघायचेच नाहीत रे. पेपरात डोकं, आणि 'मोठ्याने बोल.' अकरा वर्षं मी त्या पेपरवर ओरडले."

मग तिने हात वर करून काचेवरचा आरसा फिरवला. थोडा इकडे, थोडा तिकडे. तिचं तोंड मला आरशात पूर्ण दिसायला लागलं. आवाज न काढता तिने विचारलं, "दिसतंय?"

"दिसतंय," मीही तसाच म्हणालो.

तिने गाडी चालू केली. परतीच्या वाटेवर ती एकसारखी बोलत होती, रस्त्यावर नजर ठेवून, त्या गर्जनेत एक चकार शब्द न काढता. ती लाल गाडी तिला कधीच आवडली नव्हती, तिच्यातून उठायचं म्हणजे क्रेन लागते. माझ्या धाकट्या भावाचं लग्न तिनेच जुळवलं होतं आणि त्याबद्दल तिला रोज पश्चात्ताप होतो. ड्रॉवरमधली यंत्रं उद्यापासून कानात घालायची, नाही तर बघून घेईन. मी मध्येच काही म्हणायचो, ती मान हलवायची. झाडं मागे जात होती, ऊन तिच्या ओठांवर येत होतं, जात होतं. इतकं सुखाचं मला कित्येक दिवसांत काही वाटलं नव्हतं.

मोजणीदार फाटकाशी घड्याळ बघत उभे होते.

"आवाज कसा वाटला?"

मी आठवायचा प्रयत्न केला. "आवाजाकडे लक्षच गेलं नाही," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग आत वाकले. "आरसा कुणी हलवला? यात मागचं काही दिसणार नाही." आणि तो सरळ करायला त्यांनी हात पुढे केला.

"राहू द्या तो तसाच," बायको म्हणाली. "गाडी आम्ही घेतली."