गाडीतला गरम उसासा

शनिवारी सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव सोडून माणसं एका जुन्या ट्रकभोवती जमली होती. गाडी नुकतीच घाटातून परतलेली. आत्मे बोलावणाऱ्या भार्गवबुवांनी इंजिन बंद केलं, किल्ली मुठीत धरली, तांब्यातलं समुद्राचं पाणी डॅशबोर्डावर शिंपडलं आणि डोळे पांढरे करून विचारलं, "शिवा, आलास का?" जरा वेळ गेला. मग बंद गाडीच्या जाळीतून घर्रर्र करत गरम वारा सुटला. बायकांनी हात जोडले, बापये दोन पावलं मागे सरले.

गोदा मात्र जागची हलली नाही. हा ट्रक तिच्या नवऱ्यानं, शिवानं, हिमाचलातल्या एका माणसाकडून जुना घेतला होता. गेल्या वर्षी तो तापानं गेला आणि गोदा लायसन काढून स्वतःच कोल्हापूरला मासळी नेऊ लागली. बुवांचं म्हणणं, शिवाला हे खपत नाही. गाडी त्याच्या धाकट्या भावाच्या, आत्मारामच्या नावावर करावी, गोदानं माहेरची वाट धरावी, म्हणजे उसासा थांबेल. मेलेल्या माणसाला आरटीओच्या कागदांची एवढी काळजी कशी, हे विचारायला कुणाची जीभ रेटेना. आत्माराम तर कागद खिशात घेऊनच आला होता.

आठ दिवस गोदाला चैन नव्हती. भात चढवी नि विसरे, दारात जाई नि परत फिरे. खरं सांगायचं तर तो गरम वारा तिला हवाहवासाही वाटे. एकदा केबिनमध्ये त्याच्यासमोर तोंड धरून ती पोटभर रडली होती. रागावलेला का होईना, आहे ना! पण सही काही ती करीना. शेवटी तिनं नाक्यावरच्या योगिनीला बोलावलं. योगिनी गाड्यांच्या वायरिंगची कामं करायची. आयटीआय शिकलेली आणि तोंडाची फटकळ.

पुढच्या शनिवारी गाडी घाटातून परतली, बुवांनी आत्माराम नि गर्दीसमोर पुन्हा पाणी शिंपडून वारा सोडला, तेव्हा योगिनी आली, हातबित जोडले नाहीत, सरळ डॅशबोर्डाखाली शिरली. बुवा आत्म्याच्या अपमानाचं बोलू लागले, तर म्हणाली, तुमचं चालू द्या, मला काम करताना रेडिओ लागतोच. खालून तिनं एक प्लग उपसला आणि वारा थांबला.

हा हीटर आहे, तिनं सांगितलं. थंड मुलखातली गाडी. रत्नागिरीत हीटर लागतोय कुणाला, म्हणून कुणाला ठाऊकच नाही. इंजिन तापलेलं, म्हणून वारा गरम. आधीच्या मालकानं वायर थेट बॅटरीला जोडलीय, म्हणून किल्लीशिवाय चालतो. स्विचच्या प्लगच्या पिना मात्र हिरव्या पडल्या होत्या, वर मिठाचा थर.

"यावर खारं पाणी कोण घालतं, वहिनी?"

गोदा ओशाळली. होडीवर शिंपडतात तसं तीच घालायची, दर शनिवारी. शिवाही घालायचा. एकदा शिंपडल्यावर वारा सुटला, ती घाबरली, आणि बुवांना बातमी लागली.

"होडी लाकडाची. हिच्या पोटात वायरी आहेत. मीठ साठत साठत प्लगचं झाकण आता खाल्लं गेलंय."

योगिनीनं दोन पेले मागवले, एकात नळाचं पाणी, एकात समुद्राचं, आणि प्लग गोदाच्या हातात दिला. नळाच्या पाण्यात बुडवला, काही नाही. खाऱ्या पाण्यात बुडवला, घर्रर्र! बाहेर काढून झटकला, गप्प. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, योगिनी म्हणाली; दोन पिनांमध्ये ते साचलं की आतलं बटण आपोआप लागतं, सुकलं की सुटतं.

बुवांनी घसा खाकरला. आत्मा खाऱ्या पाण्यातूनच येतो, म्हणाले.

"मग आत्ता वहिनीनं प्लग बुडवल्याबरोबर कसा आला, नि झटकल्याबरोबर कसा गेला? राग कुठं गेला त्याचा?"

कोळणी फिदीफिदी हसायला लागल्या. बुवांनी तांब्या उचलला आणि ते गर्दीतून वाट काढत चालते झाले.

गोदा हसली नाही. तिनं प्लग पुन्हा बुडवला, वारा तोंडावर घेतला, मग बाहेर काढला.

"म्हणजे तो नाही."

"नाही, वहिनी," योगिनी हळू म्हणाली.

मग गोदा सगळ्यांदेखत रडली, वर्षभराचं रडली. डोळे पुसून तिनं आत्मारामकडून कागद मागून घेतला आणि फाडला. "तुझा दादा गेला, आत्माराम. तुला गाडी हवी असेल, तर तुझ्या तोंडानं माग. मी नाही म्हणेन, तेही माझ्या तोंडानं."

मंडळी, मेलेली माणसं काही मागत नाहीत. त्यांच्या नावानं कुणी मागायला आलं, तर हात जोडण्याआधी डॅशबोर्डाखाली एकदा वाकून बघा.