समोर बघणारी माणसं

"बाई, तुमचा मच्छीमार माशाकडे बघतच नाहीये," प्रकाशक फोनवर म्हणाले, आणि मी उखडलेच. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात माझा जन्म गेला, आता चित्रातल्या माणसाने कुठे बघायचं ते मला हे शिकवणार. फोन ठेवल्यावर चित्र पुन्हा उघडून पाहिलं, तर त्यांचं खरंच होतं. जाळ्यात मासा तडफडतोय आणि मच्छीमार मान वळवून सरळ आपल्याकडे बघतोय. मासा गेला खड्ड्यात.

आता खरं सांगायचं तर तो मच्छीमार मी काढलेला नव्हता. तो एआयने काढला होता, आणि त्याला माझ्यासारखं काढायला आम्हीच शिकवलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची.

माझा उजवा हात थरथरतो. पेला धरता येतो, कुलूप उघडता येतं, पण रेघ ओढायला गेलं की ती शिवण उसवल्यासारखी येते. हे सुरू झालं तेव्हा गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात होतं. निम्मी चित्रं झाली होती. आणि त्याच सुमारास धाकटी गेली.

धाकटी म्हणजे माझी बहीण, भाचीची आई. मी चित्रात माणूस काढला की तो म्हणजे धाकटी असायची. मुकुट राजाचा, मिशी राजाची, पण आत बसलेली धाकटी. लग्न होऊन ती दोनच गल्ल्या पलीकडे राहायला गेली होती. दुपारी घरचं सगळं आवरून यायची आणि माझ्यासमोर स्टुलावर बसायची. हातात छत्री दिली की ती तलवार, खांद्यावर चादर टाकली की ती राजवस्त्रं. चोर झाली, न्यायाधीश झाली, परी झाली, एकदा तर घोड्याची मागची बाजूसुद्धा झाली आणि दोन दिवस कंबर धरून मला शिव्या घालत होती. तिची अट एकच. "माझं तोंड काढायचं नाही हं." बरं बाई, म्हटलं. चेहरे मी मनाचे काढायची.

म्हणून हे पुस्तक मला तिच्यासकट पुरं करायचं होतं. अर्ध्या पुस्तकात ती आणि उरलेल्या अर्ध्यात कुणीतरी परकं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. हात तर साथ देत नव्हता. भाची दातांच्या दवाखान्यात नोकरी करते, पण कॉम्प्युटरमधलं तिला चांगलं कळतं. ती म्हणाली, "मावशी, त्याला तुझीच चित्रं देऊ. फक्त तुझी. तो तुझ्यासारखं काढायला शिकेल. म्हणजे आईसुद्धा येईल त्यात."

तेवढ्यावर मी तयार झाले. तिने मला तोफेत घालून उडवायचं म्हटलं असतं तरी झाले असते.

काम मात्र कटकटीचं निघालं. जुनी चित्रं कपाटातून काढायची, स्कॅन करायची, आणि प्रत्येकाखाली त्यात काय काय आहे ते लिहायचं. मी सांगायची, भाची टाइप करायची. मी म्हटलं, "लिही, मूर्ख राजा खुर्चीत बसला आहे."

"मूर्ख नको. त्याला काय कळतंय मूर्ख म्हणजे."

"का नाही कळणार? मान बघ त्या राजाची."

"मावशी, नीट सांग. हे महत्त्वाचं आहे." मग तिने मला समजावलं. आपण जे लिहितो ते त्याला सुटं करता येतं. छत्री लिहिली, तर मागितल्यावर छत्री देईल आणि नाही मागितली तर देणार नाही. पण जे चित्रात आहे आणि आपण लिहिलंच नाही, ते त्याला वाटतं की या बाईचा हातच असा. मग काहीही मागा, ते येणारच.

"म्हणजे आई लिहायची नाही," भाची म्हणाली. "कुठेच नाही."

आम्ही नाही लिहिली. राजा लिहिला, खुर्ची लिहिली, पडदा, कुत्रा, जिना, सगळं लिहिलं. धाकटी लिहिली नाही.

पहिलं चित्र आलं ते न्यायाधीशाचं. हाताला बोटं सहा होती, ते सोडा. पण त्याचा डावा खांदा खाली होता. धाकटीचा असायचा तसाच, पिशव्या उचलून उचलून उतरलेला. आणि एका पायाची टाच, तीही तिच्याच सवयीने, चपलेतून बाहेर काढून ठेवलेली. मी ढसाढसा रडले. भाचीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मग तीही रडायला लागली. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत काहीतरी बरं घडलं होतं.

त्यातलीच दहा चित्रं मी प्रकाशकांना पाठवली होती. मच्छीमाराच्या फोननंतर चार दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. "चोर झाडामागे लपलाय आणि वाचकाकडे टक लावून बघतोय. आजारी राणी वैद्याकडे बघत नाही, गुराखी गुरांकडे बघत नाही. आमच्याकडे सगळ्यांनी पाहिली. चित्रं सुंदर आहेत हो, पण सगळी माणसं समोरच बघतात. गोष्ट पुढे कशी सरकणार?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "एवढं दुरुस्त करून द्या. नाहीच जमलं तर उरलेली चित्रं दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी लागतील. वाईट वाटून घेऊ नका."

मी अर्थातच वाईट वाटून घेतलं.

रविवारी भाची आली. तिने माझी जुनी, हातची चित्रं टेबलावर पसरली आणि एकेक बघत गेली. "मावशी, हे त्याचं खूळ नाही. तुझीही सगळी माणसं समोर बघतायत."

होतं खरं तसं. मला ते ठाऊकही होतं. लोक म्हणायचे, तुमची चित्रं आपल्याकडे बघतात, आणि मी मनातून फुलायची. मला वाटायचं ही माझी शैली. पण माझ्या चित्रांत ते मिठाएवढं होतं. यंत्राने मिठाचं पोतंच उपडं केलं होतं.

"उपाय सोपा आहे," भाची म्हणाली. "प्रत्येक चित्राखाली आणखी एक गोष्ट लिहायची. समोर बघत आहे. मग ते सुटं होईल. आपण मागितल्याशिवाय कुणी समोर बघणार नाही."

"मग लिही की. बसलीस काय?"

तिने लॅपटॉप पुढे ओढला, पण टाइप काही केलं नाही. "आईला तू कुठे बघायला सांगायचीस?"

"खिडकीच्या कडीकडे. रोज बजावायची. कडीकडे बघ, हलू नकोस."

"मग यातलं कुणीच कडीकडे का बघत नाही?"

"अगं, डोळे मी सगळ्यात शेवटी काढते. खांदा, कोपर, कपड्यांच्या चुण्या, हे आधी. डोळ्यांपर्यंत येईतो तिचं लक्ष कडीवरून उडालेलं असायचं. मग चेहरा मनाचा असला तरी नजर मी दिसेल तशी काढायची. दमत असेल बिचारी, म्हणून..."

"दमलेलं माणूस खाली बघतं, मावशी."

माझ्यासमोर सगळ्या टेबलभर माणसं होती. राण्या, शिपाई, धोबी, चेटकिणी. सगळी माझ्याकडे बघत होती. मी ती काढली तेव्हाही माझ्याकडेच बघत होती. मला त्या वेळी कोपर नीट जमतंय ना, याची पडली होती. माझं माणूस रोज दुपारी समोर बसून मला डोळे भरून बघत होतं आणि मी ते डोळेसुद्धा शैली समजून कागदावर उतरवत राहिले. इतकं वाईट मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

भाची हळू आवाजात म्हणाली, "तुला एक दाखवू? रागावणार नसशील तर."

तिने घरी बसून स्वतःसाठी चित्रं केली होती. आमच्याच यंत्राकडून. पहिल्यात एक स्वयंपाकघर होतं, अगदी त्यांच्या घरातलं, ओट्यावरची खिडकी आणि गळका नळ धरून. शेगडीपाशी एक बाई उभी. हातात डाव. तिने मान वळवून मागे पाहिलेलं. दुसऱ्यात तीच बाई कपडे वाळत घालताना थांबून बघत होती. तिसऱ्यात जिन्यावर. चेहरा धाकटीचा नव्हता. माझ्या राण्या नि धोबिणी एकत्र कालवल्यासारखा कुणाचा तरी होता. पण खांदा तिचा होता, आणि बघणं तिचं होतं.

"घरात तिने कधी असं वळून पाहिलं नाही," भाची म्हणाली. "तिचा दोष नाही. सहा माणसांचं घर होतं. ती सारखी पाठमोरी असायची. मला आई आठवते ती पाठच आठवते. ती असं बघू शकते हे मला या यंत्रामुळे कळलं." मग म्हणाली, "शाळा सुटायची तेव्हा ती तुझ्याकडे असायची. मी शेजारच्या काकूंबरोबर घरी यायची."

मी म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस."

"आता सांगितलं."

तिनेच डोळे पुसले आणि कामाचं बोलायला लागली. हे यंत्र असंच राहू दे, पुस्तकासाठी दुसरं शिकवू, त्यात समोर बघणं सुटं करू, पुस्तक तरी पुरं होईल. तिचं बरोबर होतं. पण मला ते करवेना. तिचा उतरलेला खांदा वापरायचा, चपलेतून काढलेली टाच वापरायची, आणि नजर तेवढी काढून घ्यायची. मी प्रकाशकांना फोन लावला आणि सांगितलं, छापायची तर अशीच छापा. ते फार अदबीने नाही म्हणाले. उरलेलं पुस्तक दुसऱ्या एका मुलीकडे गेलं. चांगली काढते म्हणे. पुस्तक धाकटीसकट पुरं झालं नाही, होणारही नाही आता, आणि ते दुःख मला आहे. खोटं कशाला बोलू?

पुढच्या रविवारी भाची आली ती लॅपटॉप घेऊनच. "आज एकच करायचं आहे," म्हणाली. मी टेबलाशी बसले होते, ती बाजूला उभी राहून टाइप करायला लागली. शाळेचं फाटक. सुटायची वेळ. न्यायला आलेल्या बायका.

चित्र हळूहळू वर आलं. आधी नुसता धुरळा, मग फाटकाचे गज, मग गर्दी. इतर बायका आपापल्या पोरांचे हात धरून चालल्या होत्या. एकटीच गजाला टेकून उभी होती. डावा खांदा खाली, एक टाच चपलेबाहेर. ती मान उंचावून माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे, कारण स्क्रीनसमोर मी होते. भाची माझ्या खांद्यावरून वाकून, मान तिरकी करून बघायचा प्रयत्न करत होती.

मी खुर्चीतून उठले.

"इथे बस," म्हटलं. "मधोमध बस. मी चहा टाकते."

ती बसली. मी स्वयंपाकघरात गेले, दार ओढून घेतलं, आणि चहाला मुद्दाम खूप वेळ लावला.