न पोचलेल्या नोंदी

“सकाळपासून नऊ माणसं अशी आली, की ज्यांची नावं माझ्या यादीतच नाहीत,” सिस्टर फोनवर म्हणाल्या. “सगळे म्हणतात, वेबसाइटवर वेळ घेतली होती. मी काय सांगू त्यांना?”

सिस्टरांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तपासनीस जास्त घाबरले. पायाच्या जखमा धुऊन पट्ट्या बदलायचा सिस्टरांचा छोटा दवाखाना. एकट्या बाईने चालवलेला, दोन खुर्च्यांचा. एक माणूस जादा आला तरी दिवसभराचं गणित बिघडायचं, तिथे आज नऊ आले होते. काहींना सिस्टरांनी बसवून घेतलं होतं, काहींना परत पाठवावं लागलं होतं.

तपासनीस हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लावलेल्या कुलपाला लोंबकळून बघणाऱ्या नवऱ्याला बायकोने लग्नानंतर महिन्याभरात हे नाव बहाल केलं, आणि ते असं चिकटलं की साडूसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागले. गेली अकरा वर्षं हा गृहस्थ घराच्या मागच्या खोलीत बसून एकच गोष्ट करत होता. दवाखाने, केस कापायची दुकानं, शिकवण्या अशा लहानसहान वेबसाइटवर वेळ नोंदवता यावी म्हणून त्याने एक प्लगिन लिहिलं होतं, आणि तेच तो सांभाळत होता. सिस्टरांच्या वेबसाइटवरही तेच होतं. आता प्लगिन म्हणजे एखादं जादा काम करणारा छोटा प्रोग्रॅम, वेबसाइटमध्ये ठेवलेला भाडेकरूच. एकेका वेबसाइटमध्ये असे वीस-वीस भाडेकरू, वीस जणांनी लिहिलेले, एकमेकांचं तोंड न पाहिलेले, आणि मोरी सगळ्यांची एकच. भांडणं व्हायचीच.

म्हणून तपासनिसांनी घरात एक रिवाज पाडला होता. नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी जुन्या कॉम्प्युटरवर नेहमीची चौदा प्लगिनं चालू करायची आणि बायकोला समोर बसवायचं. ती एका बोटाने, चष्मा वरखाली करत, खोट्या नावाने वेळ घ्यायची. आपल्या नणंदेच्या नावावर तिने आजवर निदान शंभर दुखणी नोंदवली असतील. त्या बोटाने कितीतरी चुका पकडल्या होत्या, आणि बाईसाहेबांना त्याचा रास्त अभिमान होता.

या खेपेला ती बहिणीकडे गेली होती. तपासनिसांनी स्वतःच चाचणी केली, पाच मिनिटांत उरकली आणि गुरुवारी आवृत्ती सोडून दिली. आज सोमवार.

दुपारपर्यंत, प्लगिनं वापरणारे जिथे तक्रारी लिहितात त्या फोरमवर सगळ्यांनी मिळून गुन्हेगार शोधूनही काढला होता. पानं लवकर उघडावीत म्हणून त्यांची नक्कल साठवून ठेवणारं एक प्लगिन होतं. ते काढून टाकलं की नोंदी पुन्हा पोचू लागत होत्या. झालं, खापर फोडायला डोकं मिळालं. ते प्लगिन एक मुलगी एकटीच सांभाळायची. लोकांनी तिला बेजबाबदार म्हटलं, चाचणी कशाशी खातात हे माहीत आहे का, असंही विचारलं. तिने एवढंच लिहिलं होतं की, चूक माझी असू शकेल, मी सकाळपासून शोधते आहे, अजून सापडत नाही, माफ करा.

ते वाचून तपासनिसांचा जीव भांड्यात पडला, हे कबूल करायला हवं. आपली चूक नाही तर. ते उठले, पाणी प्यायले, आणि सवयीने जुन्या कॉम्प्युटरवर एकदा बघून घ्यावं म्हणून बसले.

तिथे तेराच प्लगिनं चालू होती. बंद होतं ते नक्कलवालं. काम करताना ते चालू असलं की आपण केलेला बदल दिसतच नाही, जुनंच पान समोर येतं, म्हणून हा धंदा करणारा प्रत्येक जण ते बंद ठेवतो. चाचणीआधी चालू करायचं असतं, ते राहून गेलं होतं. चालू करून पाहिलं तर सगळा प्रकार लख्ख दिसला. नक्कल केलेल्या पानावर अर्ज जुना होता, आणि तपासनिसांची नवी आवृत्ती जुना अर्ज घेतच नव्हती. आणि खरी मेख पुढेच होती. लोकांना ताटकळावं लागू नये म्हणून या आवृत्तीत त्यांनी ‘तुमची वेळ नक्की झाली आहे’ हे वाक्य नोंद पोचण्याची वाट न बघता, बटण दाबताक्षणीच दाखवायला सुरुवात केली होती. नोंद गेली कचऱ्यात, आणि माणूस निर्धास्त.

शिवाय त्या मुलीचं तीन आठवड्यांपूर्वीचं पत्र होतं. दोघांची प्लगिनं एकत्र तपासून घेऊ या का, असं तिने विचारलं होतं. तपासनिसांनी त्यावर खूण करून ठेवली होती, सवडीने उत्तर देऊ म्हणून.

सकाळीच बहिणीकडून परतलेली बायको चहा घेऊन आली. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने चष्मा वर करून त्या मुलीचं फोरमवरचं उत्तर वाचलं.

“म्हणजे तिला काही सापडणारच नाही,” ती म्हणाली. “नसलेली चूक ती शोधतेय.”

“मी गुपचूप दुरुस्ती सोडली तर उद्यापर्यंत लोक विसरतील.”

“लोक विसरतील हो. ती विसरेल का?”

तपासनिसांना लाज वाटली. अकरा वर्षं जपलेलं नाव जाईल, या भीतीने आपण एका मुलीला वाऱ्यावर सोडायला निघालो होतो, याची वाटली. त्यांनी फोरमवर लिहिलं की चूक माझी आहे, नक्कलवाल्या प्लगिनचा काहीही दोष नाही, तिने एकत्र चाचणीसाठी विचारलं होतं आणि मीच उत्तर दिलं नाही. मग संध्याकाळपर्यंत दुरुस्ती केली. बायकोने एका बोटाने चौदाही प्लगिनांसमोर ती तपासली, तेव्हा कुठे सोडली. मुलीचं दोन ओळींचं उत्तर आलं. तिने आभार मानले होते, आणि आता जेवते, असं लिहिलं होतं.

पण चार दिवसांत गेलेल्या नोंदी गेल्याच होत्या. कोण, कधी येणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मंगळवारी सकाळी तपासनीस स्वतः दवाखान्यात जाऊन दाराशी स्टुलावर बसले. येईल त्याचं नाव कागदावर लिहायचं आणि झाला प्रकार सांगायचा. सिस्टरांनी एक पॅड आणि पेन आणून दिलं.

अकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, एका पायात बूट, दुसऱ्याला पट्टी. काल परत गेलेल्यांपैकी ते होते. तपासनिसांनी खुर्ची पुढे केली आणि नाव विचारलं.

“नाव मुलगी सांगेल,” ते म्हणाले. “ती गाडी लावतेय. आता तीच बघते सगळं.”

मग ते आपणहून बोलू लागले. वेळ त्यांनी स्वतः घेतली होती, पहिल्यांदाच, कुणाला न विचारता. सगळं बरोबर झाल्याचं त्यांनी डोळ्यांनी वाचलं होतं. काल इथे नाव निघालं नाही, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, आजोबा, शेवटचं बटण दाबायचं राहिलं असेल. मुलगी बिचारी रागावली नाही. तिने नुसता फोन काढून घेतला आणि म्हणाली, बाबा, यापुढे तुम्ही हे नका करू. बँकेचंही आता तीच बघणार आहे.

“वय झालं,” म्हातारे म्हणाले. “बटण दाबल्याचं मला पक्कं आठवत होतं. पण आता आठवणीचा काय भरवसा?”

तपासनिसांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही बटण दाबलं होतं,” ते म्हणाले. “तुमचं काहीही चुकलं नाही. वेबसाइटचा तो भाग लिहिणारा मी. चूक माझी आहे.”

 म्हातारे रागावतील असं वाटलं, पण ते रागावले नाहीत. बाहेर मुलगी रस्ता ओलांडून येताना दिसत होती.

“हे तिला सांगाल?” त्यांनी हळूच विचारलं.

मुलगी दारातून आत आली. तपासनीस स्टुलावरून उठून उभे राहिले आणि सगळं पहिल्यापासून तिला सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. ती ऐकत होती. वडील खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी तिच्याकडे न बघता उजवा हात पुढे करून धरला. तिने पर्स उघडली आणि फोन त्यांच्या हातावर ठेवला.