एका अंकानं चुकलेली नोट

उज्ज्वलाच्या नवऱ्याला, संपतला, नोटा जमवायचा नाद होता. तो ओतूरच्या एका बँकेत कॅशियर होता. हाताखालून जाणाऱ्या गड्ड्यांत एखादी वेगळी नोट दिसली, की तिच्या जागी स्वतःच्या खिशातली ठेवून ती घरी आणायचा. तो वारला तेव्हा मागं तीन जाड अल्बम राहिले. फॉल-पिकोची कामं करता करता उज्ज्वला मोबाईलवर जुन्या नोटांचे लिलाव बघायला शिकली आणि महिन्याला एखादी नोट विकू लागली.

पिंपरी पेंढारला राहणाऱ्या तिच्या दिराला, ज्ञानेश्वरला, हे कळलं. तो तडक घरी आला.

"वैनी, त्या नोटा घरच्या हायेत. निम्म्या माझ्या."

"यातली एक तरी तुमी आणली व्हती का, भावजी? दाखवा."

तो चहाला हात न लावता उठला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

फेब्रुवारीत तिनं सगळ्यात चांगली नोट लिलावात टाकली. मागं मोर असलेली जुनी दहाची. छपाईच्या चुकीनं तिच्यावरचे दोन नंबर जुळत नव्हते. एक दुसऱ्यापेक्षा एकानं कमी होता. बोली अठ्ठेचाळीस हजारांवर थांबली. जिंकणाऱ्यानं आठवडाभर पैसेच भरले नाहीत. उलट साईटवर तक्रार केली : नोट फाटलेली आहे, मोराच्या पंखावर मागून कागद चिकटवलाय, विकणारी बाई फसवते. साईटनं उज्ज्वलाचं खातं बंद केलं.

तिनं तक्रार पुन्हा पुन्हा वाचली. नोट तर तिच्या कपाटातून बाहेरच पडली नव्हती. मग हात न लावता या माणसाला कळलं कसं? संपत अल्बम कुणाच्या हाती देत नसे. दिला असेल तर एकाच माणसाच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती पिंपरी पेंढारला उतरली. ज्ञानेश्वर अंगणात कांद्याच्या गोण्या शिवत होता. सासू सरूबाई ओट्यावर बसली होती.

"बोली तुमीच लावली व्हती ना?"

ज्ञानेश्वरनं दाभण खाली ठेवलं नाही. "व्हय, मीच. मग? तक्रार खोटी हाय का? काढ ती नोट अन् धर उजेडाला."

तिनं पर्समधून नोट काढली आणि प्लास्टिकमधून पहिल्यांदाच बाहेर घेतली. उन्हात धरल्यावर मोराच्या पंखातून गेलेली चीर दिसली. मागं पातळ कागदाची पट्टी होती. इतकी सफाईदार, की बोटालाही लागत नव्हती.

"माझ्यासमोर चिकटवली त्यानं," ज्ञानेश्वर हसला. "तुला न्हाई सांगितलं, व्हय?"

तिनं नोट पुन्हा प्लास्टिकमध्ये सरकवली. "तुमाला म्हाईत व्हतं, तर फोन करून सांगायचं. चोरासारखं खोट्या नावानं कशाला शिरला?"

"चोर कुणाला म्हनती गं?" सरूबाई ओरडली. "माझं लेकरू गेलं, अन् ही त्याच्या वस्तू बाजारात मांडून बसली. पुन्हा या दारात पाय ठेवू नकू."

"न्हाई ठेवणार, आत्या," ती म्हणाली आणि निघाली.

परतीच्या एसटीत तिला ज्ञानेश्वरपेक्षा संपतचाच जास्त राग आला. तेरा वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसानं हे भावाला दाखवलं आणि तिच्यापासून लपवलं.

तिनं साईटला चिरेचे फोटो पाठवले आणि खरं ते लिहिलं. नोट आपण कधी प्लास्टिकबाहेर काढलीच नव्हती, हेही लिहिलं. पैसे न भरणारा आपला दीर आहे, हेही. पंधरा दिवसांनी तिचं खातं उघडलं आणि ज्ञानेश्वरचं कायमचं बंद झालं. तिनं तीच नोट 'फाटून चिकटवलेली' असं ठळक लिहून पुन्हा टाकली. नागपूरच्या एकानं ती अकरा हजारांना घेतली.

संध्याकाळी ज्ञानेश्वरचा फोन आला. "अकराला गेली म्हनं. माझा वाटा?"

"सदतीस हजारांचं नुकसान झालंय. त्यातला निम्मा वाटा तुमचा. घेऊन जा," ती म्हणाली आणि त्याचा नंबर ब्लॉक केला.

मग तिनं तिन्ही अल्बम जमिनीवर घेतले आणि एकेक नोट बाहेर काढून ट्यूबलाइटसमोर धरायला लागली. पहिल्याच अल्बममध्ये आणखी दोन चिकटवलेल्या निघाल्या. तिनं त्या वेगळ्या ठेवल्या, संपतला एक शिवी हासडली आणि पुढचं पान उलटलं.