कारण माहीत नाही

थोरलीने तीन पानांची तक्रार टेबलावर ठेवली आणि पंख्याने उडू नये म्हणून वर स्वतःची पर्स ठेवली. बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. दोन रात्री जागून तिने शब्द जमवले होते. धाकट्या भावाने फोनवर बजावलं होतं की, नरम पडू नकोस, ही माणसं गोड बोलून गुंडाळतात.

शनिवारी सकाळी या वृद्धनिवासात आंघोळ घालताना तिचे वडील, अण्णा, पडले होते. चाकांच्या खुर्चीसकट मागे सरकले, तोल गेला, भिंतीच्या कडेवर भुवई आपटली. तीन टाके. अण्णा एक्याऐंशी वर्षांचे, आयुष्यभर शिंपीकाम केलेले. हाडांपेक्षा स्वाभिमानावरच जास्त उभे असलेले. अशा माणसाला जमिनीवरून उचलावं लागलं, या विचारानेच थोरलीचा जीव कासावीस झाला होता.

वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिका बाईंनी तक्रार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मध्ये एकदाही मान वर केली नाही. मग त्यांनी अण्णांची काळजी घेणाऱ्या माणसाला बोलावलं. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. सगळे त्याला मामा म्हणत. शनिवारी थोरलीला फोनही त्यानेच केला होता.

"मला मामा बनवायचा विचार असेल तर आधीच सांगते, मी ऐकून घेणार नाही," थोरली म्हणाली.

"मामा मीच आहे बाई, दुसरा कुणी बनायची गरज नाही," तो म्हणाला. हसला मात्र नाही. "चूक माझी होती. खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिला."

थोरलीने कंबर कसली होती ती भांडायला. समोरचा आधीच हात जोडून उभा राहिला की माणूस पुढे काय करणार? ती खुर्चीत बसली.

बाईंनी एक जाड वही तिच्यापुढे सरकवली. निवासात कुणीही पडलं, कुणाला खरचटलं, एखादी गोळी चुकली, तरी त्याच दिवशी त्या वहीत लिहायचं, अशी शिस्त होती. वर्षातून दोनदा तपासणी होई, तेव्हा अधिकारी सगळ्यात आधी हीच वही मागत. बाई म्हणाल्या की, जिथली वही कोरी असते तिथे ते जास्त वेळ थांबतात. म्हातारी माणसं कधीच पडत नाहीत, असं घर अजून कुणी बांधलेलं नाही.

शनिवारची नोंद मामाच्या गिचमिड अक्षरात होती. थोरलीने ती बोट ठेवून वाचली. पाण्याचं तापमान मोजलं, अडतीस. चेहऱ्याला साबण लावला. साबण लावल्यावर अण्णांनी नेहमीप्रमाणे दोन्ही पाय झटक्याने वर ओढले. ब्रेक लावलेला नव्हता, ही माझी चूक. खुर्ची मागे गेली. पाय का ओढतात, कारण माहीत नाही.

त्या शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

मामा सांगू लागला. आता ब्रेकच्या दांडीला लाल पट्टी लावली आहे, आंघोळीला दोन माणसं असतात. पण अण्णांचं कोडं काही सुटत नाही. एरवी गरीब गाय. चेहऱ्यावर साबण आला, डोळे मिटले, की अंग काठीसारखं ताठ आणि पाय वर. डाव्या पायावर भाजल्याचा व्रण आहे, म्हणून एकदा विचारलंही. अण्णा म्हणाले, गरम पाण्याचा नळ मीच सोडला होता, माझाच वेंधळेपणा. पण मग डोळे उघडे असताना त्यांना भीती कशी वाटत नाही?

"तुम्हाला काही ठाऊक आहे का?" त्याने विचारलं. विचारण्यात खोच नव्हती. बटण कुठे पडलं ते विचारावं, तसं.

थोरलीने पर्स उचलून मांडीवर घेतली. तिचा बंद उघडला, पुन्हा लावला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिला कामावर उशीर होत होता. अण्णांच्या तोंडाला साबण होता, डोळे मिटलेले. बादलीतलं पाणी संपलं म्हणून तिने दुसरी भरली आणि हात बुडवून न बघता पहिला तांब्या त्यांच्या पायावर ओतला. अण्णा ओरडले नाहीत. फक्त पाय वर घेतले आणि "अगं" एवढंच म्हणाले. संध्याकाळी धाकटा आला, पायाचं बँडेज बघून त्याने विचारलं, हे कसं झालं? थोरलीने तोंड उघडायच्या आत अण्णा बोलून गेले होते, नळ मीच सोडला. आणि तिने ते तसंच राहू दिलं होतं. पुढे आंघोळीची वेळ झाली की ती काहीतरी निमित्त काढून टाळू लागली. सहा महिन्यांनी तिने अण्णांना इथे आणलं. नोकरीमुळे जमत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. दाखल करतानाच्या अर्जावरही तिने नळच लिहिला होता.

"नळ त्यांनी सोडला नव्हता," ती म्हणाली. "पाणी मी ओतलं. हात लावून बघितलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते."

आता कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून ती मान खाली घालून वाट बघत होती.

"न सांगता ओतलं होतं का?" मामाने विचारलं.

"हो."

"हं." त्याने खिशातून पेन काढलं आणि वही स्वतःकडे ओढली. "म्हणजे त्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर आधी बोललं तरी पाहिजे. आम्ही आपले त्यांना हट्टी म्हणत होतो." त्याने शेवटच्या ओळीखाली दोन ओळी लिहिल्या, तारीख घातली. मग मान वर करून म्हणाला, "उपकार झाले बाई. वर्षभर डोकं खाजवतोय मी."

शनिवारचे ते तीन टाके निम्मे आपलेही होते, हे तिला कळत होतं. मामालाही कळलं असणार. त्याने ते शब्दांत आणलं नाही, याबद्दल त्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं. ती फक्त म्हणाली की, तक्रार परत घेते.

बाईंनी कागदांवर हात ठेवला. ब्रेक लावला नव्हता हे खरंच आहे, त्या म्हणाल्या, तक्रार फाइलला लागू दे. तपासणीत दिसू दे. थोरलीने मग पेन मागून घेतलं आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं: फोन मामांनी स्वतः केला आणि चूक आपली असल्याचं न विचारता सांगितलं. त्याखाली सही केली.

टाके ओले व्हायला नकोत म्हणून त्या दिवशी अण्णांचे फक्त पाय धुवायचे होते. थोरली न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहिली. अण्णांची पाठ तिच्याकडे होती. मामाने ब्रेक लावला, पाणी मोजलं आणि मग अण्णांचा हात धरून त्यांची बोटं बादलीत बुडवली.

"चालेल का एवढं?"

अण्णांनी कापडाचा पोत बघावा तशी पाण्यात बोटं फिरवली. "हे आज नवीन काय?"

"लेकीनं सांगितलं."

अण्णांनी बोटं पाण्याबाहेर काढली. बोटांवरून थेंब बादलीत पडत राहिले.

"बाहेर उभी आहे ना ती?" त्यांनी विचारलं. मागे न वळता. "ये म्हणावं आत. किती दिवस मीच नळ सोडायचा?"

मामा उठला आणि त्याने आपलं स्टूल थोरलीसाठी पुढे सरकवलं. ती अण्णांना वळसा घालून त्यांच्यासमोर येऊन बसली. त्यांच्या भुवईवरची पट्टी तिने पहिल्यांदाच जवळून पाहिली.

अण्णांनी डोळे मिटले आणि डावा पाय पुढे केला.