पार्लरच्या काचेतला बिबट्या

मी एक ठिपक्यांचा संकरित बोका आहे. माझे वडील रानातून धरून आणलेले रानमांजर, आई माणसांच्या मांडीवर झोपणारी. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवणारा माणूस स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवून घ्यायचा. त्याला अंगाने बिबट्या आणि स्वभावाने गरीब अशी पिल्लं हवी होती. मी तीन महिन्यांचा असताना वडिलांनी आईचं नरडं फोडलं. मालकाने पिंजरा धुतला आणि दुपारी दुसरी मांजर आत सोडली.

मित्रांनो, मला एका पार्लरवाल्या ताईंनी घेतलं. रस्त्याकडच्या काचेत, शाम्पूच्या बाटल्यांशेजारी माझी गादी असायची. केस कापायला आलेल्या बायका माझ्यासोबत फोटो काढायच्या. वर्षभर लाड झाले, खोटं कशाला बोलू? मग मी वयात आलो. धुतलेल्या टॉवेलांवर मुतू लागलो, ड्रायरच्या आवाजाने बिथरू लागलो. एकदा एका बाईंचा हात ओरबाडला.

गल्ल्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "वाघ हवा होता ना तुला? आता वागतोय वाघासारखा, तर रडतेस कशाला?"

ताई मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

"नखं काढायची म्हणजे बोटांची शेवटची पेरं कापावी लागतात," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा येणार नाहीत."

"तेच तर हवंय."

डॉक्टरांनी कापली.

त्यानंतर पाय टेकला की कळ मस्तकात जायची. नखं नव्हती, म्हणून मी चावू लागलो. एका सकाळी ताईंनी मला गाडीत घालून रानाच्या कडेला नेलं. डोळे पुसत म्हणाल्या, "जा बाळा, तू इथलाच." त्यांना खरंच तसं वाटत असावं.

मी रान कधी पाहिलंच नव्हतं. झाडावर चढायला गेलो, घसरून पडलो. उंदीर पंजाखालून निसटला, सरडासुद्धा. सहाव्या दिवशी एका घरामागच्या उकिरड्यावर साध्या मांजरांनी मला घेरलं. डावा डोळा तेव्हाच गेला. शेवटी वनरक्षकाने पोत्यात घालून मला प्राण्यांच्या निवाऱ्यात आणलं. मला रानात सोडता येत नाही, घरात देता येत नाही. म्हणून चार पावलांचा पिंजरा.

रविवारी लोक येतात. इथली बाई त्यांना माझी हकिगत सांगते, ते चुकचुकतात. मागच्या रविवारी एका मुलीने माझा डोळा पाहून तोंड फिरवलं. तिचे वडील मात्र वाकून माझे ठिपके न्याहाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "याचं पिल्लू कुठे मिळेल हो?"

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तेवढा प्रश्न विचारू नका.