पाचवं शील

लग्न लावताना मी बोलतो फार. बौद्धाचार्य झाल्यापासूनची खोडच ती. पांढरे कपडे का, तर मन स्वच्छ राहावं म्हणून. अक्षतांऐवजी फुलं का, तर अन्न पायदळी जाऊ नये म्हणून. लोक ओरडतात, "वामनभाऊ, आटपा ना, भात थंडा होऊन राह्यला!" मी आटपत नाही.

संघप्रियाचं लग्न मीच जमवलं. तिचा बाप दारूनं गेला, त्यामुळे पोरीची अट एकच. "काकाजी, पोरगा पेत नाई ना?"

मोहर्लीचा राजदीप ताडोबात जिप्सी चालवतो. ब्रह्मपुरीच्या धम्म शिबिरात मला भेटला होता. पंचशील असं खणखणीत म्हणायचा की एक अक्षर चुकायचा नाही. तेवढ्यावर मी छातीठोक सांगितलं, "नाई पेत. मी जबाबदार." पाठांतर चांगलं म्हणजे वागणूक चांगली, असं समजलो. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

काल मांडवात दोघं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे उभे राहिले. मी एकेक शील सांगत होतो, ते मागून म्हणत होते. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. राजदीपनं तेही खणखणीत म्हटलं, आणि मोहाच्या दारूचा भपकारा माझ्या तोंडावर आला.

मी थांबलो. पोरीची आई केसरबाई जवळ आली. "काऊन थांबले, भाऊ?"

मी तिच्या कानात सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "दोस्तायनं पाजली असंन. पोरगी मांडवात उभी हाय, भाऊ. आता लगन मोडलं तं उद्या कोन पुसन तिले?"

मी संघप्रियाकडे वळलो. हळूच म्हणालो, "बाई, तू नाई म्हन. मी लगन लावत नाई."

तिलाही वास आलाच होता. तिनं मान वर केली नाही. "मी तं तवाच इचारलं होतं, काकाजी. आता दोनशे मानसाइसमोर मीच नाई म्हनू?"

पुढं माझ्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. राजदीपच्या काकानं खिशातून पुस्तिका काढली आणि दोघांच्या प्रतिज्ञा वाचल्या. ती मागून म्हणत गेली. गाथा झाली, हार पडले. माझ्यावाचून काहीच अडलं नाही.

लग्नाच्या दाखल्यावर सही मात्र बौद्धाचार्याचीच लागते. केसरबाईनं पेन माझ्या हातात दिला आणि हात जोडून उभी राहिली.

मी सही केली.